शेऱ्याचा रकाना

होटगी जंक्शनात मीटरगेज होतं तेव्हाची गोष्ट. विजापूर-गदगकडून येणारे अरुंद रूळ आणि मुंबई-मद्रासचे रुंद रूळ इथं शेजारी यायचे. आमच्या गल्लीतला एक मुलगा रोज संध्याकाळी स्टेशनच्या कुंपणाला टेकून मालगाडीचे डबे मोजायचा. तोंडानं नाही, बोटानं. हवेत एकेक उभी रेघ ओढत. शेवटचा डबा गेला की वळायचा आणि सरळ घरी. वाटेत कुणी हाक मारली तर मान वळवायचा नाही. पाहुण्यारावळ्यांना घरचे सांगायचे, "ऐकू येत नाही की ओ त्याला." हे खरं नव्हतं आणि गल्लीला ते ठाऊक होतं. चार घरं सोडून कुणाच्या हातून डब्याचं झाकण पडलं तरी हा कानांवर हात दाबून खाली बसायचा. पोरं त्याला 'यडं' म्हणायची. आजी कानडीत 'देवर मगु' म्हणायची, देवाचं लेकरू. शाळेत दोन वर्षं त्याचं नाव होतं. तिसऱ्या वर्षी ते कमी झालं, आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द राहिला: 'मंद'.

आमच्याकडच्या अशा मुलांचा इतिहास लिहायचा तर तो या रकान्याचाच लिहावा लागतो. कारण मदत जी काय आली ती रकान्यात शब्द कोणता आहे ते बघून आली, आणि योग्य शब्द यायला फार वर्षं लागली.

आज तो शब्द आहे: स्वमग्नता. देखणा शब्द आहे, आणि अन्याय करणारा. स्वतःत मग्न कोण असतो? समाधी लागलेला साधू, नाहीतर तंद्रीतला कवी. कानांवर हात दाबून बसलेलं पोर स्वतःत मग्न नसतं. जगाचा आवाज त्याला सोसवत नसतो. मूळ शब्दातही हीच खोट आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी १९१०च्या सुमारास 'ऑटोस' म्हणजे 'स्व' या ग्रीक शब्दावरून 'ऑटिझम' घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी. मुलांच्या वाट्याला तो उसना आला.

मुलांना तो कसा चिकटला याची हकीकत अमेरिकेतल्या एका लहानशा गावापासून सुरू होते. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट गावचे एक वकील आणि त्यांची बायको ऑक्टोबर १९३८मध्ये पाच वर्षांच्या मुलाला घेऊन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिओ कॅनर या डॉक्टरांकडे आले. मुलाचं नाव डोनाल्ड ट्रिपलेट. येण्याआधी बापानं ३३ पानांचं टंकलिखित पत्र पाठवलं होतं: मुलाला एकटं सोडलं की तो खूष असतो, दोन वर्षांचा असतानाच शंभरापर्यंत अंक म्हणायचा, वाटेल ती वस्तू भिंगरीसारखी फिरवतो, आई खोलीत आली तरी बघत नाही. त्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याला घरापासून लांब एका संस्थेत ठेवलं होतं. वर्षभरानं आईबापांनीच त्याला परत आणलं. १९४३ साली कॅनरनी अशा ११ मुलांची, ८ मुलगे आणि ३ मुलींची, टिपणं छापली. डोनाल्ड त्यात 'पहिला'. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५मध्येच सहा मुलग्यांबद्दल असं लिहून ठेवलं होतं, पण ते वाचलं फार थोड्यांनी. व्हिएन्नाचे हान्स आस्परगर यांचा प्रबंध १९४४चा. पुढं त्यांचं नाव एका निदानालाच दिलं गेलं, आणि नाझी काळात त्यांनी काही मुलांना ज्या संस्थेत पाठवलं तिथं मुलं मारली जात होती, हे कागदांतून अलीकडं उघड झालं.

पण मला या सगळ्यात डॉक्टरांपेक्षा एक शेतकरी जोडपं जास्त महत्त्वाचं वाटतं. १९४२मध्ये, डोनाल्ड नऊ वर्षांचा होत असताना, आईबापांनी त्याला घरापासून दहा मैलांवरच्या एका शेतावर ठेवलं. दहा मैल म्हणजे साधारण होटगी ते सोलापूर. १९४५मध्ये कॅनर तिथं जाऊन बघून आले. पोराला मोजमापाचं वेड होतं, तर त्या शेतकऱ्यानं त्याला विहिरीच्या कामाला लावलं आणि खोली किती झाली ते सांगायचं काम त्याच्याकडं दिलं. तो मेलेले पक्षी-प्राणी गोळा करून आणायचा. ओरडण्याऐवजी त्याला शेताच्या कडेला एक तुकडा दिला, की इथं पूर. त्यानं प्रत्येक कबरीवर नावाची फळी रोवली. मक्याच्या ओळी तो पुन्हापुन्हा मोजत बसायचा, तर त्याला नांगर दिला: नांगर धर, आणि मोज. कॅनर गेले तेव्हा त्यांनी त्याला घोड्यामागं नांगर धरून तास संपल्यावर नीट वळवताना पाहिलं.

त्या जोडप्यानं पुनर्वसन हा शब्द ऐकलाही नसेल. पोराची खोड मोडायची नाही, तिला कामाचं दावं बांधायचं, एवढं त्यांना उमगलं होतं. मालदांडी ज्वारीच्या रानात वाढलेल्या माणसाला यात काही अवघड वाटणार नाही. पाखरं राखायला, कडबा रचायला, पेंढ्या मोजायला बसवलेली अशी माणसं आमच्याकडच्या कैक घरांत होती. फरक इतकाच की आमच्याकडं त्यांचं कुणी टिपण ठेवलं नाही.

याच वर्षांत इकडं काय चाललं होतं? मुंबईत १९३७ साली आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. १९४१मध्ये मानखुर्दला 'मेंटली डेफिशियंट' मुलांसाठी गृह निघालं. १९४४मध्ये एका पारशी दांपत्यानं आपल्या मुलीसाठी घरातच वर्ग भरवला, त्याची पुढं जय वकील शाळा झाली. त्याच १९४४ साली दार्जिलिंगमध्ये काम करणाऱ्या, मूळच्या व्हिएन्नाच्या एका बालरोगतज्ज्ञानं अशा वेगळ्या मुलांवर लेख लिहिला. भारतातल्या स्वमग्नतेच्या इतिहासात पहिली नोंद म्हणून त्याच्याकडंच बोट दाखवतात. म्हणजे आपण फार मागं नव्हतो. पण या सगळ्या घरांच्या आणि वर्गांच्या दारावर शब्द एकच होता, मतिमंद. पुढं गावोगावी ज्या विशेष शाळा निघाल्या, त्यांच्या पाट्यांवरही तोच रंगवला गेला. स्वमग्न मूल त्या दारातून आत जाऊ शकत होतं, पण स्वतःचं नाव बाहेर ठेवून.

आणि घरी? घरी आईला धरलं जायचं. या बाबतीत अमेरिका आणि होटगी यांत काडीचा फरक नव्हता. कॅनरनीच सुरुवातीला आईबाप थंड, कोरडे असल्याचं लिहिलं. शिकागोत विशेष शाळा चालवणारे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७च्या पुस्तकात तर सगळा दोष आईच्या माथी मारला. तिच्या मायेचा ओलावा नाही म्हणून पोर आत मिटलं, असा एकूण सूर. 'फ्रिज आई' ही शिवी तिकडची. आमच्याकडं फ्रिज नव्हते, म्हणून ग्रहण होतं: पोटुशी असताना बाहेर गेली असेल, विळी हातात धरली असेल, नवस फेडला नसेल. आता मोबाईल आला आहे. आईनं मोबाईल दाखवून घास भरवला म्हणून झालं, असं शिकलेली माणसंसुद्धा बिनदिक्कत सांगतात. पडद्यापुढं बसवून ठेवल्यानं कुठल्याही मुलाचं बोलणं रेंगाळू शकतं, हे खरं. पण स्वमग्नतेची घडण जन्माआधीच सुरू झालेली असते. लशीवर आळ घेणारा १९९८चा इंग्लंडमधला शोधनिबंध तर नियतकालिकानंच २०१०मध्ये मागं घेतला.

आईवरचा हा खटला मोडला तो एका बापानं. बर्नार्ड रिमलँड अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ होते, मुलगा स्वमग्न. जे काही छापलं गेलं होतं ते सगळं धुंडाळून त्यांनी १९६४मध्ये पुस्तक लिहिलं, की हे शरीराचं, मेंदूचं प्रकरण आहे. १९६९मध्ये पालकांच्या मेळाव्यात कॅनरनी आईबापांना मी दोषमुक्त करतो असं जाहीर केलं. १९७७मध्ये लंडनमध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला आणि अनुवंशाचा वाटा दिसला. त्याच लंडनमध्ये लॉर्ना विंग या डॉक्टर, ज्यांची मुलगी स्वमग्न होती, १९७०च्या दशकात कॅम्बरवेल भागातली मुलं तपासून म्हणाल्या, ही एकच एक पेटी नाही, इंद्रधनुष्यासारखा पट्टा आहे. कुणी एक शब्द बोलत नाही, कुणी बोलायचं थांबत नाही, दोघंही त्यातच.

हे सगळं दिल्लीमार्गे आपल्याकडं आलं. तिथं मेरी बरुआ या आईनं १९९१मध्ये 'अॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली आणि १९९४मध्ये 'ओपन डोअर' शाळा. इथंही वाट पाडली ती आईनंच.

आता पुन्हा रकाना. १९९५मध्ये देशात अपंग व्यक्तींचा पहिला मोठा कायदा झाला. त्यात सात प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, चलनवलनाचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. स्वमग्नता नाही. मग दाखला हवा तर मुलाला बुद्ध्यांकाच्या चाचणीला बसवायचं. जे मूल बोलतच नाही ते तोंडी प्रश्नांना काय उत्तर देणार? ते मतिमंद ठरायचं. जे मूल तिसरीतच पंचांग पाठ म्हणून दाखवायचं पण वर्गात घटकाभर टिकायचं नाही, त्याचा बुद्ध्यांक चांगला निघायचा आणि हातात काहीच पडायचं नाही. एकाला चुकीचा दाखला, दुसऱ्याला तोही नाही.

डिसेंबर १९९९मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा आला आणि भारतीय कायद्यात 'ऑटिझम' हा शब्द पहिल्यांदा ठळकपणे आला, तोही थेट नावातच: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता. १०० कोटींचा निधी ठरला. या कायद्यामागं आईबापांचा रेटा होता, आणि त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कुठल्याही घरात उत्तररात्री ऐकू येतो: आमच्यामागं याचं कोण? मूल १८ वर्षांचं झालं की कायद्यानं सज्ञान होतं. मग बँकेत सही कुणाची, जमिनीतला वाटा कुणाच्या हातात, ऑपरेशनला संमती कुणी द्यायची? न्यास कायद्यानं त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक समिती नेमली. तिच्यावर जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. कायदेशीर पालक तिनं नेमायचा, आणि त्या पालकानं मालमत्तेचा हिशेब द्यायचा. भावाभावांत बांधावरून डोकी फुटतात अशा मुलखात या हिशेबाला केवढं मोल आहे ते वेगळं सांगायला नको.

पण गंमत बघा. कायद्यानं नाव घेतलं १९९९मध्ये. त्या नावाचे टक्के कसे मोजायचे, याची रीत राजपत्रात आली २५ एप्रिल २०१६ला. मधली १६ वर्षं एका कायद्यात तुम्ही आहात आणि दुसऱ्यात नाही. २०११च्या जनगणनेतही स्वमग्नतेला स्वतंत्र रकाना नव्हता. त्यामुळं दक्षिण सोलापूर तालुक्यात अशी किती माणसं, या प्रश्नाला त्या साऱ्या खटाटोपातून उत्तर मिळणं शक्यच नव्हतं. २०१२च्या दुरुस्तीनं न्यास कायद्यातली मुलं शिक्षण हक्क कायद्यात आली. फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली आणि अंगणवाडी-शाळांत येणाऱ्या तपासणी पथकांच्या यादीत वर्तनदोष म्हणून स्वमग्नता आली. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सातांचे २१ प्रकार झाले. तो १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणात बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरेंसोबत स्वमग्नतेलाही वाटा मिळाला. कागदावर.

टक्के मोजायची ती रीत म्हणजे 'इसा', सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं २००९मध्ये तयार केलेली भारतीय मोजपट्टी. चाळीस विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. नजरेला नजर देतो का, हसऱ्या चेहऱ्याला हसतो का, तोच शब्द पुन्हापुन्हा म्हणतो का, ठराविक आवाजानं बिथरतो का, दुखलं तरी कळत नाही असं होतं का. बेरीज ७०च्या आत राहिली तर स्वमग्नता नाही, १०६पर्यंत सौम्य, १५३पर्यंत मध्यम, त्यापुढं तीव्र. सोलापूरच्या सिव्हिलच्या आवारात दाखल्याच्या दिवशी बाकड्यावर बसून ऐकलं तर बायकांच्या बोलण्यात हाच हिशेब असतो: "किती टक्के पडले ओ तुमच्याला?" चाळीसच्या खाली पडले तर सवलतींचा मोठा भाग हुकतो. त्यामुळं जगात पोराची प्रगती सांगत फिरणारी आई त्या एका दिवशी त्याला काय काय येत नाही हे सांगत बसते. मुलाच्या देखत.

आमच्याकडं आणखी एक पेच आहे, तो पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत फारसा येत नाही. होटगीत घरात कानडी, शाळेत मराठी, शेजारी दखनी उर्दू, सोलापुरात गेलं की कुठल्याही गल्लीत तेलुगू. मूल बोलेना म्हणून आईबाप थेरपीला गेले की सल्ला मिळतो, घरात एकच भाषा बोला, शाळेची. मग जी आजी दिवसभर पोराला सांभाळते ती गप्प होते, कारण तिला मराठी धड येत नाही. पोराभोवतीचं निम्मं बोलणंच बंद. दोन भाषांमुळं स्वमग्न मुलांचं बोलणं मागं पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. ज्या भाषेत आईला लाडानं बोलता येतं तीच बोलावी, इतकी साधी गोष्ट. पण ही चूक कागदावर कुठंच नोंदली जात नाही.

सल्ल्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, मोठ्या शहरांत लाखो रुपये घेऊन स्टेम सेलचं इंजेक्शन देणारे आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळानं डिसेंबर २०२२मध्ये स्वमग्नतेसाठी त्याची शिफारस नाही असं स्पष्ट सांगितलं. तरी जमीन गहाण टाकून जाणारे जातात.

दवाखान्याची वाट उलटी फिरवून बघायचा एक खरा प्रयोग आपल्या शेजारी, गोव्यात झाला. 'संगाथ' ही संस्था, सोबत पाकिस्तानातलं रावळपिंडी. मँचेस्टरकडं घडलेली एक पद्धत इकडच्या घरांना बेतून घेतली आणि ६५ कुटुंबांवर तपासली. निष्कर्ष २०१६मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आले. डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही. प्रशिक्षण दिलेली साधी आरोग्य कार्यकर्ती पंधरा दिवसांनी एकदा, सहा महिन्यांत बारा वेळा, कुटुंबाकडं जायची. आई पोराशी खेळते त्याचं थोडं चित्रण करायचं आणि मग दोघींनी ते बघायचं. चुका काढायला नाही. पोरगं वाटीचं झाकण फिरवतंय. आई आधी त्याला चेंडू दाखवत होती, मग एकदाच तिनंही दुसरं झाकण फिरवलं आणि पोरानं क्षणभर वर बघितलं. चित्र तिथं थांबवायचं: इथं काय झालं, सांगा. आईला आपलं उत्तर आपणच दिसतं. सगळ्याच मोजमापांत फायदा निघाला नाही, पण आई मुलाच्या लयीत उतरू लागली आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. मिसिसिपीच्या शेतकऱ्यानं नांगर देऊन जे केलं, ते इथं झाकणानं झालं.

त्या शेतावर राहिलेल्या डोनाल्डनं पुढं कॉलेज केलं, गावच्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, एकट्यानं देशोदेशी फिरला आणि जून २०२३मध्ये फॉरेस्टमध्येच, ८९ वर्षांचा होऊन गेला. त्याच महिन्यात आमच्या होटगी रोडवरची सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी विमानतळासाठी पाडली. तो दणका ज्यांच्या कानांना सोसणार नव्हता त्यांच्या घरी आधी कुणी सांगायला गेलं असेल का, असं तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं होतं.

डबे मोजणारा तो मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. मीटरगेज गेलं, रूळ सगळे एका मापाचे झाले, तो मात्र संध्याकाळी कुंपणापाशी असतो. आई गेली तेव्हा भावाला प्रश्न पडला आणि त्यानं दाखला काढायचं मनावर घेतलं. सोबत म्हणून मी गेलो होतो. मोजपट्टीतले प्रश्न सुरू झाले आणि भाऊ अडखळू लागला. तो धाकटा, लहानपणीचं त्याला काय आठवणार? चाळीस प्रश्नांची उत्तरं जिच्याकडं होती तीच नव्हती. "रोजचा क्रम मोडला तर त्रास होतो का यांना?" मॅडमनी विचारलं. भाऊ माझ्याकडं बघू लागला. मी सांगितलं, एकदा मालगाडी आलीच नव्हती, कुठं तरी रुळावरून घसरली होती. पाऊस होता. रात्री दहाला आई कंदील घेऊन आली तेव्हा हा कुंपणाशी भिजत उभा होता, बोट वर धरून. मॅडमनी त्या ओळीत पाच लिहिले आणि पुढचा प्रश्न वाचला.